क्यू तोच, पण हेड भलतीकडे: मूव्हिंग लाइटच्या जुन्या दुखण्याचा माग

तक्रार साधारण अशी असते. दुपारी दादरला प्रयोग व्यवस्थित झाला. रात्री बोरिवलीला त्याच फाइलवर तोच क्यू (कन्सोलवर, म्हणजे प्रकाश चालवायच्या यंत्रावर, साठवलेलं प्रकाशचित्र) मारला आणि उजव्या बारवरची (दिवे टांगायच्या पाइपवरची) दोन हेडं (मोटारीवर फिरणारे मूव्हिंग लाइट) निळ्याऐवजी हिरवी आली. नाहीतर असं होतं, की ब्लॅकआउटनंतर उजेड यायला लागतो आणि बीम पहिल्या तीन रांगांच्या डोक्यांवरून फिरत फिरत नायिकेपर्यंत पोचतो. तालमीत दिग्दर्शक म्हणतात, "जरा मागचा प्रवेश परत घेऊ या," ऑपरेटर मागचा क्यू लावतो आणि मघाशी सगळ्यांनी वाहवा केलेलं चित्र काही केल्या परत येत नाही.

यावर पहिलं वाक्य ठरलेलं: "हेड गेलंय, दुसरं मागव." मग साकीनाक्याहून टेम्पो निघतो, हायवेवर अडकतो, दुसरं हेड येतं, कुणीतरी घाम गाळत ते बारवर चढवतं आणि त्याच क्यूला तेही हिरवंच येतं. तरीही पुढच्या प्रयोगाला पुन्हा हेडच बदललं जातं, कारण हेड डोळ्यांना दिसतं आणि कन्सोलच्या आत काय लिहिलंय ते दिसत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे, की शिडीला हात लावायच्या आधी एक प्रश्न विचारा: हे केव्हा होतं? काय होतं याचं वर्णन सगळे रंगवून करतात. केव्हा होतं ते क्वचितच कुणी बघून ठेवतं, आणि बिघाडाचा पत्ता बहुतेक वेळा त्यातच असतो.

केव्हा होतं ते आधी बघा

संशयित क्यू पुन्हा मारा, आणि पुन्हा मारा. दर वेळी तीच गडबड, तेच हेड, तसंच वागणं असेल तर दोष बहुधा प्रोग्रॅममध्ये आहे. वायर खराब असली तर ती इतकी शिस्त पाळत नाही. ओळीने येत गेलं की क्यू बरोबर दिसतो आणि मधले क्यू गाळून आलं की चुकतो, असं असेल तर आणखी तपास करायचीही गरज नाही, प्रोग्रॅमचाच दोष.

कन्सोलला कुणी हात लावलेला नाही, कोणताही फेड (एका चित्रातून दुसऱ्यात हळूहळू जाणं) चालू नाही, तरी हेड थरथरतंय, मधेच चमकतंय, मान झटकतंय, तर लाइनकडे (कन्सोलपासून हेडांपर्यंतच्या केबलकडे) बघा.

शंका उरलीच तर दोन हेडांचे ॲड्रेस (हेडने कुठल्या नंबरापासून आकडे वाचायचे ते) अदलाबदल करा. गडबड हेडबरोबर राहिली तर हेड खराब, नाहीतर त्याच्या मेन्यूतला मोड चुकीचा. ॲड्रेसबरोबर दुसऱ्या हेडवर गेली तर प्रोग्रॅम किंवा पॅच (कुठला ॲड्रेस कुठल्या हेडचा ही कन्सोलमधली नोंद). हेडं कन्सोलवरून आरडीएमने (त्याच केबलवरून हेडशी दुतर्फा बोलायच्या पद्धतीने) ॲड्रेस घेत असतील तर वर चढावंही लागत नाही.

हे असं का चालतं ते थोडक्यात सांगतो. हेडला क्यू, प्रवेश, नाटक यातलं काही कळत नाही. त्याला फक्त आकडे मिळतात, ० ते २५५. एका डीएमएक्स (हे आकडे पाठवायची पद्धत) लाइनवर असे ५१२ चॅनल (एकेका आकड्याची जागा), आणि सगळे वापरात असले तर साधारण सेकंदाला ४४ वेळा ती पूर्ण यादी नव्याने जाते. १९८६ मध्ये उजेड कमी-जास्त करणाऱ्या डिमरसाठी बसवलेली ही पद्धत आहे आणि तिच्यात निरोप बरोबर पोचला का हे तपासायची सोयच नाही. आकडा वाटेत बिघडला तर हेड परत विचारत नाही, मिळालं ते करतं. मात्र पुढच्या क्षणी नवी यादी येतेच, म्हणून लाइनच्या दोषात हेड झटका देऊन परत जागेवर येतं. प्रोग्रॅमच्या दोषात ते चुकीच्या जागी अगदी निवांत उभं राहतं. हा फरक नजरेत बसवून घ्या, निम्मं काम तिथेच होतं.

निळ्याचं हिरवं कसं झालं

बोरिवलीच्या हिरव्या हेडांचा उलगडा असा. दादरला प्रयोगाआधी निवेदन होतं, त्याच्या संगीताला एक क्यू होता, आणि हेडांना निळा रंग त्या क्यूमध्ये दिलेला होता. पुढच्या क्यूमध्ये फक्त प्रकाशाची पातळी आणि दिशा बदलली होती. रंगाबद्दल तो क्यू काहीच बोलत नव्हता. निळा आधीच लागलेला असल्यामुळे निळा दिसत होता. बोरिवलीला निवेदन रद्द झालं, त्या क्यूचा फेडर (कन्सोलवरची सरकवायची पट्टी) वर गेलाच नाही. संध्याकाळी लाइन तपासताना उजव्या बारवरची हेडं हिरवी करून बघितली होती, तो हिरवा तसाच राहिला. कन्सोलने सांगितलेलं सगळं केलं. रंगाचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

रंग, गोबो (बीममध्ये नक्षी पाडणारी चकती), पॅन (आडवं फिरणं), टिल्ट (वर-खाली वळणं) हे चॅनल एलटीपी पद्धतीने चालतात, म्हणजे ज्याने शेवटी सांगितलं त्याचं ऐकायचं. दुसऱ्या कुणी नवीन काही सांगेपर्यंत जुनं तसंच. शाळेतल्या फळ्यावर आधीच्या तासाचं गणित पुसलं नाही तर ते तिथेच राहतं, तसं. प्रकाशाची पातळी तेवढी बहुधा एचटीपी असते. दोन फेडर वर असतील तर जास्त आकडा जिंकतो. म्हणून 'हे एक हेड मंद जळतंच राहतंय' अशी तक्रार आली की आधी कुठला तरी विसरलेला फेडर तीस टक्क्यांवर उभा आहे का ते बघा.

आपल्याकडे बरेच ऑपरेटर ॲव्होलाइट्सच्या जुन्या पर्ल कन्सोलवर शिकले. एक प्रवेश, एक फेडर, अशी सवय. ऑर्केस्ट्रा आणि लावणीच्या कार्यक्रमांना ती उत्तम आहे, कारण तिथे क्रम आयत्या वेळी ठरतो. नाटकात मात्र तीच सवय असा घोळ घालते. क्यू लिस्टमध्ये (ओळीने मांडलेल्या क्यूंच्या यादीत) ट्रॅकिंग चालू असेल तर कन्सोल उडी मारताना मागचे क्यू स्वतः मोजून घेतं आणि रंग काय असायला हवा होता ते काढतं. सुटे फेडर एकमेकांची अशी चौकशी करत नाहीत.

यावर उपाय दोन. नाटकाचे क्यू एकाच क्यू लिस्टमध्ये घ्या. आणि प्रत्येक प्रवेशाचा पहिला क्यू पूर्ण भरा: त्या प्रवेशात लागणाऱ्या प्रत्येक हेडचा रंग, गोबो, दिशा, फोकस, झूम, प्रिझम, सगळं. टायटनवर (ॲव्होलाइट्सच्या नव्या कन्सोलांचं सॉफ्टवेअर) रेकॉर्ड करताना 'बाय चॅनल'ऐवजी 'बाय फिक्स्चर' निवडलं की हात लावलेल्या हेडचे सगळे गुण क्यूमध्ये जातात. ग्रँडएमए आणि ईओएस या कन्सोलांवर ब्लॉक क्यू असतो, तो मागून वाहत येणारं थांबवून स्वतःचे आकडे पक्के धरतो. काही जाणकारांना भरलेला क्यू ओबडधोबड वाटतो. बदल तेवढाच लिहावा, तेच सफाईदार, असं ते म्हणतात. रेकॉर्डिंग स्टुडिओत ते ठीक आहे. जिथे प्रयोग अर्धा तास उशिरा सुरू होतो आणि मध्यंतर होईपर्यंत दोन क्यू गाळले जातात, तिथे मी प्रवेशाचा पहिला क्यू गच्च भरलेलाच घेईन.

त्याच घराण्यातली आणखी एक खोड म्हणजे प्रोग्रॅमर (हाताने बदललेले आकडे धरून ठेवणारी कन्सोलची पाटी) रिकामा न करणं. प्रोग्रॅमरमध्ये धरून ठेवलेला आकडा बहुतेक कन्सोलवर प्लेबॅकच्या (चालू असलेल्या क्यूच्या) वर बसतो. 'चार नंबरचं हेड क्यू ऐकतच नाही' ही तक्रार दहात आठ वेळा इतकीच असते: फोकस करताना ते हेड हातात घेतलं आणि क्लिअर दाबलंच नाही. उलट बाजूनेही तेच नुकसान. क्लिअर न करता पुढचा क्यू रेकॉर्ड केला की मागच्या हेडचे आकडे त्यात न बोलावता शिरतात, आणि ते दिसतात दोन अंक उलटल्यावर, भलत्याच प्रवेशात.

प्रेक्षकांवरून फिरणारा बीम

हे दुखणं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात लाजिरवाणं. ब्लॅकआउटमध्ये हेड डाव्या कोपऱ्याकडे तोंड करून बंद झालं. पुढच्या क्यूमध्ये ते मध्यभागी हवंय, फेड पाच सेकंदांचा. क्यू मारल्यावर पातळी आणि दिशा दोन्ही एकदमच निघतात. एखाद्या सेकंदात बीम दिसायला लागतो आणि उरलेला वेळ सगळं नाट्यगृह त्याचा प्रवास बघत बसतं.

हेड अंधारातच जागेवर जायला हवं. कन्सोल हे आपोआप करतं. ग्रँडएमएवर त्याला मूव्ह इन ब्लॅक म्हणतात, टायटनवर मूव्ह इन डार्क, ईओएसवर मार्क. हेड शून्यावर गेलं की कन्सोल पुढचा क्यू वाचून त्याला आधीच तिथे नेऊन ठेवतं.

तरीही लोक म्हणतात, "चालू केलंय, पण चालत नाही." त्यामागे मला दिसलेलं नेहमीचं कारण वेगळंच आहे. हेड बंद करायला डिमर (उजेडाची पातळी) वापरलेला नसतो, शटर (बीम झाकणारी झडप) वापरलेलं असतं. कन्सोल अंधार ओळखतं ते डिमरच्या आकड्यावरून. डिमर पूर्ण आणि शटर बंद असं असेल तर माणसाला अंधार दिसतो, कन्सोलला मात्र हेड लख्ख चालू आहे असंच वाटतं, म्हणून ते त्याला हलवत नाही. भाड्याच्या बीम हेडांवर, विशेषतः शार्पी या बीम हेडच्या नकलांवर, प्रोफाइल (कुठल्या चॅनलवर काय आहे ते कन्सोलला सांगणारी हेडची माहिती) अर्धवट बनवलेलं असलं की हे हमखास होतं. क्यू उघडून बघा: अंधाराच्या क्यूमध्ये डिमर शून्य दिसायला हवा. शटर उघडंच राहिलं तरी चालतं.

दुसरं कारण वेळेचं. पॅनची पूर्ण फेरी बहुतेक हेडांत ५४० अंशांची असते आणि एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला दोन-तीन सेकंद लागतात. तुमचा ब्लॅकआउट सेकंदभराचा असेल तर हेड पोचणार कसं? तिथे दिग्दर्शकांशीच बोलावं लागतं: "अंधार दोन मोजून धरा." नाहीतर त्या प्रवेशासाठी दुसरं हेड वापरावं, जे आधीपासून रिकामं आहे. मला दुसरा मार्ग बरा वाटतो. शांत प्रवेशात डोक्यावर मोटारींची घरघर ऐकू आली तर नट आधी वर बघतात, मग ऑपरेटरकडे.

५४० अंशांचा आणखी एक फटका आहे. वर्तुळ ३६० चंच असल्यामुळे काही जागांवर हेड दोन वेगवेगळ्या पॅन-टिल्टने पोचू शकतं. आठातल्या सात हेडांचं पॅलेट (नाव देऊन साठवलेली जागा किंवा रंग) एका बाजूने आणि एकाचं उलट्या बाजूने घेतलं गेलं, तर चित्र स्थिर असताना काही कळत नाही. पण एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जाताना सात हेडं थोडीशी वळतात आणि आठवं अख्खी गिरकी घेतं. हेड ठीक आहे. त्याला दाबायचंय ते फ्लिप (त्याच जागी दुसऱ्या बाजूने पोचवणारं बटण), आणि मग पॅलेट पुन्हा घ्यायचं.

फेड न करायच्या गोष्टींचा फेड

'क्यू मारला की हेड स्ट्रोब करतं (झपाझप लुकलुकतं) आणि मग शांत होतं.' हे वाक्य ऐकलं की मी शटरची वेळ विचारतो. बहुतेक हेडांत शटरच्या चॅनलवर खाली बंद, वर उघडं, आणि मधल्या पट्ट्यात हळूपासून जोरापर्यंत स्ट्रोब असतो. तीन सेकंदांच्या फेडमध्ये आकडा खालून वर जाताना त्या पट्ट्यातून जाणारच. रंगाच्या चाकाचंही असंच आहे: पांढऱ्यातून जांभळ्यावर पाच सेकंदांत गेलात तर मधले सगळे रंग दर्शन देऊन जातात. गोबोही तसाच.

म्हणून शटर, रंगाचं चाक, गोबो आणि प्रिझम यांची वेळ शून्य ठेवा. चांगल्या प्रोफाइलमध्ये हे चॅनल आधीच स्नॅप (फेड न करता थेट उडी मारणारे) असतात. नसतील तर क्यूच्या टायमिंगमध्ये त्या गुणांना वेगळी वेळ द्या. एलईडी हेडात लाल-हिरवा-निळा मिसळून रंग होतो, तिथे फेड सुंदरच दिसतो, तो काढू नका.

याचाच भयंकर प्रकार म्हणजे कंट्रोल चॅनल. लॅम्प चालू, लॅम्प बंद, रिसेट हे सगळं त्या एका चॅनलवर वेगवेगळ्या आकड्यांना असतं. कुणीतरी लॅम्प चालू करून लगेच अख्खं स्टेज रेकॉर्ड केलं की तो आकडा क्यूमध्ये जाऊन बसतो. पुढे कधीतरी फेड त्या चॅनलला रिसेटच्या पट्ट्यातून नेतो आणि भर प्रवेशात हेड मान हलवत स्वतःची कवायत सुरू करतं. बरीच हेडं आकडा काही सेकंद टिकला तरच रिसेट घेतात, त्यामुळे छोट्या फेडला काही होत नाही आणि लांब फेडला होतं, मग लोक म्हणतात, "कधी होतं, कधी नाही, नक्की हेडच खराब." रेकॉर्ड करताना मास्कमध्ये (कोणते गुण नोंदवायचे त्या निवडीत) कंट्रोल बंद ठेवा. आधीच शिरलेलं असेल तर सगळ्या क्यूमधून काढून टाका. लॅम्प चालू-बंद करायला स्वतंत्र फेडर किंवा मॅक्रो (एका बटणावर साठवलेली आज्ञा) ठेवा, नाटकाच्या लिस्टला त्याचा स्पर्श नको.

डिस्चार्ज दिव्याच्या (एलईडी नव्हे, वायूतल्या ठिणगीने पेटणाऱ्या) हेडात एक गोष्ट लक्षात असू द्या. गरम दिवा बंद पडला की तो लगेच पेटत नाही, थंड व्हायला काही मिनिटं द्यावी लागतात. चुकून रिसेटऐवजी लॅम्प बंद झाला तर तो प्रवेश त्या हेडाविना काढावा लागेल.

मोड आणि ॲड्रेस

अर्धी हेडं एका गोडाऊनची, अर्धी दुसऱ्याची, हे मुंबईत रोजचं. बाहेरून सारखी, मेन्यू वेगळे. कन्सोलवर १६ चॅनलचं प्रोफाइल, म्हणून ॲड्रेस १, १७, ३३, ४९ असे लावले. पहिलं हेड मात्र मेन्यूत २० चॅनलच्या मोडवर आहे. मग त्याचे शेवटचे चार चॅनल, १७ ते २०, दुसऱ्या हेडच्या पहिल्या चार चॅनलांवर बसतात. लक्षण अगदी नेमकं: दुसऱ्या हेडला हात लावला की पहिल्याचं काहीतरी हलतं. शेवटच्या चॅनलांत काय आहे ते कंपनीनुसार बदलतं. तिथे स्पीड असला तर पहिलं हेड कधी सुस्त, कधी चपळ वागेल, रिसेट असला तर वर सांगितलेली कवायत.

१६ चॅनलची ३२ हेडं एका युनिव्हर्समध्ये (५१२ चॅनलच्या एका लाइनमध्ये) बरोबर मावतात. २० चॅनलची २५ च, आणि १२ चॅनल उरतात. सव्विसावं हेड कोंबायच्या भानगडीत पडू नका, दुसरी लाइन काढा.

बीम हळू पॅन करताना टप्प्याटप्प्याने सरकत असेल तर फाइन चॅनल (बारीक हालचालीचा दुसरा आकडा) पॅच झालेला नाही किंवा हेड ८ बिटवर (एकाच आकड्यावर) आहे. ५४० अंशांचे २५५ भाग केले की एकेक टप्पा दोन अंशांहून थोडा मोठा होतो. दहा मीटरवर ते साधारण सदतीस सेंटिमीटर. फाइन जोडला की तेच अंतर ६५,५३६ पायऱ्यांत विभागलं जातं आणि सरकणं दिसेनासं होतं.

आणि रंग. नकली हेडांत रंगाच्या चाकावरचा क्रम मूळ हेडसारखाच असेल असं नाही. बदलून आलेलं हेड प्रत्येक क्यूमध्ये सातत्याने वेगळा रंग दाखवत असेल तर एकट्या त्या हेडाचं कलर पॅलेट पुन्हा घ्या. क्यू पॅलेटवरून बनवलेले असतील तर पाच मिनिटांचं काम. थेट आकड्यांवरून बनवलेले असतील तर मग बसा रात्रभर.

पॅलेटचा आग्रह मी दिशेच्या बाबतीत तर धरतोच. दादरचा बार आणि बोरिवलीचा बार एका उंचीवर नसतो, स्टेजची रुंदी वेगळी, हेड कधी उलटं टांगलेलं. नाटकात जागा किती लागतात? सोफा, दार, खिडकी, मध्य, पायरी, देवघर, आणि आणखी दोन-तीन. तेवढी पॅलेटं नव्या नाट्यगृहात बसल्या बसल्या पुन्हा घ्यायची आणि जुन्यावर अपडेट करायची. सगळे क्यू आपोआप जागेवर येतात. हेड उलट्या बाजूने टांगलं असेल तर आधी पॅचमध्ये पॅन किंवा टिल्ट इन्व्हर्ट करा, मग पॅलेट. उलट क्रमाने केलंत तर दुप्पट काम.

थरथर: म्हणजे लाइन

इथे बोलण्यासारखं तसं कमी आहे, करण्यासारखं जास्त.

लाइनच्या शेवटच्या हेडमध्ये टर्मिनेटर लावा. पिन २ आणि ३ च्या मध्ये १२० ओहमचा रेझिस्टर, दुसरं काही नसतं त्यात. तो नसला की सिग्नल टोकाला आपटून परत येतो आणि पुढच्यात मिसळतो. टर्मिनेटर लागलेल्या लाइनचं कन्सोलकडचं टोक सोडवून, मधली सगळी हेडं वगळून केबली थेट एकमेकींना जोडून मल्टिमीटरने त्या दोन पिनांत मोजलं तर १२० च्या आसपास आकडा यायला हवा.

माइकची केबल वापरू नका. तीन पिनी कनेक्टर बसतो म्हणून ती डीएमएक्सची होत नाही. आतल्या तारांचा गुणधर्म वेगळा आहे. चार-पाच हेडांपर्यंत ती निभावते, म्हणूनच लोकांचा तिच्यावर विश्वास बसतो, आणि दहाव्या हेडाला ती दगा देते.

एका लाइनवर ३२ पेक्षा जास्त उपकरणं नकोत. लाइन फोडायची तर स्प्लिटरने (सिग्नलच्या वेगळ्या शाखा काढणाऱ्या उपकरणाने), वाय जोडाने (एका केबलला नुसते दोन फाटे काढून) कधीच नाही.

थरथरणारी हेडं नकाशावर मांडा. सातव्यापासून पुढची सगळी थरथरत असतील तर सहाव्याचा आउट, सातव्याचा इन किंवा त्यांच्यामधली केबल, बाकी कुणी नाही. पावसाळ्यात तर आधी पिना बघा. जून ते सप्टेंबर मंडपातून फिरलेल्या केबलच्या पिनांवर हिरवट थर असतोच. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, कोरडी होऊ द्या.

जुनी हेडं लाइनवर असतील आणि ठरावीक काळाने सगळी एकदम लुकलुकत असतील तर आरडीएम बंद करून बघा. डीएमएक्सच्याच तारांवरून जाणारे ते प्रश्नोत्तर काही जुन्या हेडांना समजत नाहीत, ती त्यालाच आकडे समजून वागतात.

वायरलेस डीएमएक्सबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. रिकाम्या नाट्यगृहात ते छान चालतं. प्रेक्षक येतात, शेकडो फोन खिशात घेऊन, आणि बरीच स्वस्त उपकरणं २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात, जिथे वायफाय आणि ब्लूटूथची गर्दी आधीच असते. दुपारी बरोबर आणि रात्री नाही असं होत असेल, तर केबल टाका.

खरंच हेड खराब असेल तर

असतंही. पॅनचा पट्टा सैल होतो, एन्कोडर (हेडची दिशा मोजणारा सेन्सर) मळतो, पंखा धुळीने भरला की तापून दिवा बंद पडतो. अशा हेडाची खूण म्हणजे ते कन्सोलशिवायही चुकतं: सुरू करताना स्वतःच्या रिसेटमध्येच अडखळतं, किंवा मेन्यूवर एरर दाखवतं. गोडाऊनला फोन करताना ॲड्रेस, मोड, मॉडेल आणि ॲड्रेस बदलून काय झालं एवढं सांगा, आणि येणारं हेड त्याच मोडवर लावून पाठवायला सांगा. आल्यावर जमिनीवरच लाइन जोडून रंग आणि रिसेट बघून घ्या, मग वर चढवा.

तिसऱ्या घंटेच्या आधी

क्लिअर दाबा. सगळे फेडर खाली, सगळे प्लेबॅक रिलीज. आता लिस्टमधल्या कुठल्याही प्रवेशाच्या पहिल्या क्यूवर थेट उडी मारा आणि रंगीत तालमीत मोबाइलवर काढून ठेवलेल्या फोटोशी चित्र जुळतं का बघा. मग मागच्या एखाद्या प्रवेशावर, मग शेवटच्या अंकावर, मुद्दाम वेडावाकडा क्रम घेऊन. जिथे चित्र जुळत नाही तिथे क्यू अर्धवट आहे. तिथेच भरा, तिथेच अपडेट करा. ओळीने सगळे क्यू चालवून बघण्यापेक्षा ही उडी कितीतरी जास्त पकडते. ओळीने चालवताना मागचे आकडे पुढच्याची पोकळी झाकतात, म्हणून सगळं छान दिसतं.

शेवटी फाइल नाट्यगृहाच्या नावाने वेगळी सेव्ह करा, म्हणजे दादरची पॅलेटं बोरिवलीच्या पॅलेटांखाली गाडली जाणार नाहीत, आणि दोन पेन ड्राइव्हवर ठेवा. नव्या आवृत्तीत सेव्ह केलेली फाइल जुनं सॉफ्टवेअर असलेल्या कन्सोलवर बहुधा उघडत नाही. भाड्याच्या कन्सोलवर कोणती आवृत्ती आहे ते आदल्या दिवशीच विचारून घ्या.